मुक्या राजाचं आख्यान

आमच्या ह्यांचा आवाज बिघडतोय, हे त्यांच्या आधी मला कळलं.

सकाळी ते मागच्या पडवीत बसून गळा मोकळा करतात. मी चुलीपाशी पेज ढवळत असते. इतक्या वर्षांत ती सुरांची चढण मला पाठ झाली आहे. कुठे दम घेणार, कुठून वर जाणार, सगळं. यंदा दिवाळीच्या सुमारास वरच्या एका ठिकाणी आवाज अडायला लागला, लुगडं कुंपणाच्या काट्याला अडकावं तसा. ते थांबायचे, खाकरायचे, परत खालून चढायचे. मी हातातली डवली तशीच धरून उभी राहायची. सूर निघाला की पुन्हा ढवळायला लागायची. मग एक दिवस तो निघालाच नाही. पेज खाली लागली. जेवताना त्यांनी करपट वास आल्याचं सांगितलं नाही, आणि मी सूर अडल्याचं बोलले नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम येतो. हे लिहितेय तेही कुणाला दाखवायला नाही. सध्या घरात बोलणं बंद आहे आणि डोक्यात मात्र बोलणं थांबत नाही, म्हणून लिहिते.

हे दशावतारी कंपनीत राजपार्टी आहेत. नाटकातला राजा कायम तेच. तुळशीचं लग्न झालं की कंपनी बाहेर पडते, गावोगावच्या जत्रा करते आणि पावसाच्या तोंडावर परतते. तरुणपणी ते आधी लुगडं नेसून राणी व्हायचे. दाढी राठ झाली तेव्हा कंपनीच्या मालकांनी त्यांना राक्षस केलं. पण ह्यांनी राक्षसाच्या तोंडीही असं पद घातलं की वध व्हायच्या वेळी लोक ओरडले, "ह्येका मारू नकात रे! गावांदे ह्येका!" दुसऱ्या वर्षी मालकांनी राजा केलं. तेव्हापासून राजाच.

मी नाटकाला गेले तर बायकांच्या मागच्या रांगेत बसते. राजा आपला नवरा आहे असं कुणाला सांगत नाही. एकदा शेजारच्या दोघी बोलत होत्या.

"ह्या राजाची बायल नशीबवान गो."

"कसला डोंबलाचा नशीब? सगळ्या गावाक गाना ऐकवता आनी घराक जावन घोरत पडता."

मी पदर तोंडाला लावून हसले. कारण ते खरं होतं.

आवाज अडायला लागल्यावर मला त्या दोघींचं बोलणं आठवायचं आणि हसू यायचं नाही. गाणं आटोपलं तर कंपनी त्यांना काय म्हणून ठेवील? आणि कंपनीने नाही ठेवलं तर हा माणूस घरात बसून काय करील? काजूच्या बागेत ते काम करतात, पण पाहुण्यासारखं.

शेवटी आम्ही कणकवलीला घशाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आपण काय करता?" हे म्हणाले, "राजा असतो." डॉक्टर हसले. मग नाकातून बारीक नळी घालून त्यांनी आत बघितलं आणि हसायचे थांबले. आवाजाच्या पडद्यांवर गाठ धरली आहे, म्हणाले. आता काही आठवडे गाणं नाही, बोलणं नाही, कुजबुजणंसुद्धा नाही. ऐकलं तर गाठ जिरेल. नाही ऐकलं तर कापावी लागेल, आणि मग आवाज पूर्वीसारखा येईलच असं कोणी सांगू शकत नाही.

परतीच्या एसटीत हे म्हणाले, "ह्या कोणाक सांगा नको. मालकाक तर नकोच."

"आनी डॉक्टरान सांगलेला?"

"जत्रा संपांदेत. मगे गप रवतलो."

म्हणजे गाठ घेऊन सगळा हंगाम गायचं.

त्यांनी आपल्यापुरती वाट काढली ती अशी: घरी बोलायचं नाही, आवाज नाटकासाठी राखून ठेवायचा. सकाळचं गाणंही बंद केलं. मी चुलीपाशी असायची आणि मागच्या पडवीतून नुसता कावळ्यांचा आवाज यायचा. तो शांतपणा मला त्या अडकलेल्या सुरापेक्षा वाईट वाटायचा. लेकीचा गोव्याहून फोन आला की ते हाताने सांगायचे, झोपलोय म्हण. लेक म्हणायची, "बाबा सदाच कसो निजलेलो गो?" शेजारून जाऊबाई यायची आणि आमची तोंडं बघायची. "भांडलात काय गो? घरात मयत झाल्यासारखी बसलात ती." मी म्हणायची, "नाय गो." ती काही माझ्यावर विश्वास ठेवायची नाही.

आमच्या नाटकाला लिहिलेलं काही नसतं. तोंडाला रंग लावता लावता मालक आख्यान सांगतात: तू राजा, तू राणी, अमक्याचा वध, शेवट असा. बाकीचं बोलणं ज्याचं त्याने उभ्या जागी रचायचं. गाणी कुठे, किती, तेही ज्याचं त्याने बघायचं. त्यामुळे ह्यांना लपवता आलं. ते दोन पदांच्या जागी एक म्हणायला लागले, आणि राहिलेली जागा बोलून भरायला लागले. पण लोकांच्या ध्यानात आलं. बाजारात एकाने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "राजा हल्ली भाषाण करता. गाना खंय गेला?" त्या दिवशी मी भाजी न घेताच घरी आले.

पुढलं नाटक फोंडाघाटाकडच्या एका गावात होतं, नव्या घराच्या वास्तुशांतीला. हल्ली अशी नाटकं संध्याकाळी दिवेलागणीला सुरू होतात. ते जाऊबाईच्या नात्यातलं घर, म्हणून तिने मलाही बरोबर घेतलं. कंपनीचा टेम्पो अंगणात उभा होता. पेटीमास्तर एकटेच टायरपाशी उभे राहून विडी ओढत होते. ह्यांच्या प्रत्येक पदाला गेली कित्येक वर्षं त्यांचीच पेटी आहे, पण मी त्यांच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी माझे पाय तिकडे कसे वळले ते मला अजून समजत नाही.

"बुवानू, एक सांगा काय?"

त्यांनी घाईने विडी टाकली. "सांगा वयनी."

"आज पट्टी वायच खाली घेशात?"

"खाली? काळी चारात, इतक्या वर गाणारो राजा आमचो. पट्टी उतरवलंय तर लोक माकाच विचारतले, पेटी बिघाडली काय म्हणान."

"त्येंचो घसो बरो नाय."

"तां माका दिसता. मियां बहिरो नाय, वयनी." मग टाकलेली विडी पायाने विझवत म्हणाले, "बघतंय."

डॉक्टरांचं मी सांगितलं नाही. तेवढं वचन पाळलं, असं मी मनाला सांगितलं.

मांडवात बसल्यावर पेटी सुरू झाली, आणि पहिल्या सुरातच मला कळलं की मास्तरांनी पट्टी उतरवली आहे. गणपतीचं स्तवन खालच्या सुरात चाललं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय केलं. पडद्यामागे रंग लावत बसलेल्या माणसालाही हे ऐकू येतंय. आणि पट्टी उतरवा असं मास्तरांना सांगणारं माणूस जगात एकच आहे.

राजाचा प्रवेश झाला. त्यांनी पेटीकडे बघितलंही नाही. आपल्या जुन्या, वरच्या सुरात पदाला हात घातला. मास्तरांची बोटं पेटीवर त्यांना शोधत धावली. पहिली ओळ छान लागली. लोक सावरून बसले. बऱ्याच दिवसांनी असा आवाज लागला होता. पण मी जमीन धरून बसले होते, कारण पुढे कुठली चढण आहे ते मला माहीत होतं. तिथे ते पोचले, तोंड उघडं राहिलं, आणि नुसती हवा आली.

पखवाज दोन थापा पुढे गेला आणि थांबला. एवढा मोठा मांडव, पण कुणी खोकलं नाही. कुणीतरी मोबाईल वर धरला. ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं. काही नाही.

राणीचं काम करणारा गडी हुशार. तो जागचा उठला, कपाळावर हात मारून घेतला आणि ओरडला, "महाराज! अखेर त्या ऋषींची वाणी खरी झाली! काल मृगयेत आपण त्यांचा अवमान केलात, आणि त्यांनी आपला कंठच हिरावून नेला!"

आख्यानात असं काही नव्हतं. राजा शिकारीला गेलाच नव्हता. पण मांडवातल्या बायकांनी हळहळ केली. माझ्या जाऊबाईने तर "अरे देवा" म्हटलं. राणीने आत बघून हाक दिली, "ऋषिवर, प्रकट व्हा!" आतला गडी अर्धी दाढी चिकटवूनच बाहेर आला. त्याला बिचाऱ्याला आपण काय शाप दिलाय तेच माहीत नव्हतं. तो कमंडलू आपटून म्हणाला, "राणी, माझा कोणता अवमान झाला, ते तुझ्याच मुखाने या सभेला ऐकू दे!" राणीने सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, आणि मग असा काही भडकला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी दोन्ही हात गळ्याला लावले आणि ऋषीच्या पायांवर पडले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आता राजा मुका. आता शेवटापर्यंत गायला नको.

पण ऋषीला ह्यांच्या गाठीची गोष्ट कोणी सांगितली होती? त्याला वाटलं, घसा धरला असेल, घटकाभराने सुटेल. आणि शाप दिला की उःशाप द्यायचा, ही आमच्या नाटकाची रीत. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "ऊठ राजा! तुझा पुत्र ज्या क्षणी त्या राक्षसाचा वध करील, त्या क्षणी हा शाप उतरेल, आणि तू याच सभेत, याच जागी, पूर्वीपेक्षाही गोड गाशील!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

भर मांडवात दिलेलं वचन. ते आता माघारी घेता येत नव्हतं. राजपुत्र राक्षसाला मारणार, ऋषी येणार, आणि माणसं राजाच्या तोंडाकडे बघणार. मी ह्यांना ओळखते. लोक वाट बघत असले तर ते गाणार. गाठ फुटली तरी गाणार.

नाटक छान चाललं होतं, हेच वाईट होतं. ह्यांनी मुका राजा असा उभा केला की नुसत्या बोटांनी ते राणीची समजूत घालत होते, आणि पोरंटोरंसुद्धा गप्प होती. राजपुत्राचं काम करणारा नवीन गडी गातो बरा. तो बापाच्या वाटची पदं म्हणत होता. एकेक पद संपलं की शेवट तेवढा जवळ यायचा. मी उठले.

"खंय चललंस गो? आता राक्षस येतलो," जाऊबाई म्हणाली.

"पाणी पिऊन येतंय."

पाणी प्यायचं नव्हतं. रंग लावायच्या जागेला मागून एक जुनी चादर लावली होती, तिथपर्यंत मी गेले. आजपर्यंत मी तिकडे कधी गेले नव्हते. फटीतून दिसलं. हे पेटाऱ्यावर बसले होते, हातात गरम पाण्याचा पेला. राणी वारा घालत होती. मालक म्हणत होते, "एकच कडवा म्हण. वायच. लोक वाट बघतत." ऋषी म्हणाला, "खालच्या पट्टीत म्हण रे, कोणाक कळाचा नाय." ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

मला आत जाऊन सांगता आलं असतं. डॉक्टर काय म्हणाले ते, सगळ्यांसमोर. पण मी चादरीच्या आत पाऊल टाकलं नाही. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं आणि त्यांना मी दिसले, चादर धरून उभी. मी मान हलवली. नको. त्यांनी नजर काढून घेतली, पेला खाली ठेवला आणि उठले. मी परत जागेवर येऊन बसले तेव्हा जाऊबाई म्हणाली, "पाणी गावला नाय वाटता. तोंड सुकलाहा तुजा."

राक्षस मेला. ऋषी आला. त्याची दाढी आता पूर्ण होती. त्याने कमंडलूतलं पाणी राजाच्या अंगावर शिंपडलं. "राजा, तू शापमुक्त झालास! गा!"

पेटीने सूर धरला. खालचा. मास्तर मान वर करत नव्हते. लोक पुढे सरकले. ह्यांनी तोंड उघडलं आणि मी डोळे मिटले. म्हणून पुढचं मी आधी ऐकलं, म्हणजे काही ऐकू आलं नाही ते ऐकलं. डोळे उघडले तर ते हात जोडून ऋषीसमोर उभे होते आणि मान हलवत होते. नको. मला नको. त्यांनी आपल्या गळ्याकडे बोट केलं, मग राजपुत्राच्या गळ्याकडे. ह्याला द्या. ऋषी गोंधळला, पण जुना गडी, त्याने ओळखलं. "राजा! तू तुझा कंठ पुत्राला दान करतोस?" ह्यांनी मान हलवली. होय. मग डोक्यावरचा मुकुट काढला, दोन्ही हातांनी, आणि त्या नवीन गड्याच्या डोक्यावर ठेवला. तो मुकुट त्याला सैल होता. ह्यांनी तो जरा मागे सरकवून नीट बसवला, घरात दारामागचं कॅलेंडर सरळ करतात तसा.

त्या गड्याला रडू आलं, ते नाटकातलं होतं की खरं, माहीत नाही. मग तो गायला. मास्तरांनी पट्टी झटकन वर नेली. मांडवातल्या बायका डोळे पुसत होत्या. जाऊबाईने माझ्याकडे बघितलं. "तू कित्याक रडतंस गो? नाटक ता." ती स्वतः नाक पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. हे दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडा बसणार. पण ओरडायला आवाज कुठे होता? ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पट्टी तू उतरवलंस?"

"होय."

"बुवांका जावन सांगलंस? तू?"

"होय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग होता, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही होतं. आपल्या बायकोने परक्या माणसाशी चार वाक्यं बोलावीत, याचं त्यांना पट्टी उतरल्यापेक्षा जास्त नवल वाटलं असावं. मग म्हणाले, "आज मालकाक सांगून टाकतंय. आनी मगे गप." ते गेले, सांगितलं आणि आले. तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलेलं नाही.

मला वाटलं होतं, मालक त्यांना हंगामापुरतं घरी बसवतील. झालं भलतंच. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं ते नाटक गावोगाव फिरलं. मालक घरी आले, गूळपाणी घेतलं आणि म्हणाले, "वयनी, मुको राजा व्हयो म्हणान बांद्याहून फोन इलो. येकाच्या मागे येक फोन. मिया कोणाक सांगू, तो खराच मुको आसा म्हणान?" हे हसले, आवाज न करता.

आता ते आठवड्यातून तीन-चार वेळा मुका राजा करतात. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तोंड उघडत नसतील तर करू द्या. म्हणजे कंपनी सुटली नाही, गळ्यालाही आराम मिळतोय. सगळे म्हणतात, बरं झालं. मला तसं म्हणवत नाही. त्या पहिल्या संध्याकाळी एकदाच मुकुट देऊन ते मोकळे झाले असते. आता प्रत्येक नाटकात तो द्यावा लागतो. प्रत्येक वेळी ऋषी म्हणतो, गा. पेटी सूर धरते. मी जाते तेव्हा मागच्या रांगेत बसून त्यांच्या गळ्याकडे बघत असते. सूर कानावर पडला की गळ्याची शीर हलते. परवा बांद्याला एक म्हातारा पुढच्या रांगेतून ओरडला, "दी मरे येक तान! तुजीच ऐकूक इलंय!" ह्यांचं तोंड उघडलं. जरासंच. मग त्यांनी मुकुट काढला, पण नेहमीपेक्षा उशिरा.

तो नवीन गडी आता चांगलाच तयार होतोय. मुकुट त्याला सैल होतो म्हणून मी आतून कापडाची पट्टी शिवून दिली. शिवताना हे समोर बसून बघत होते. पुढच्या हंगामात राजा कोण, हे मालक अजून बोललेले नाहीत. आम्हीही विचारत नाही.

येत्या आठवड्यात कणकवलीला जायचं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, आधी नुसतं "आ" म्हणून बघायचं, तेही त्यांच्यासमोरच, घरी नाही. हे फार काटेकोर पाळतात. विहिरीवर एकटे असतात तेव्हासुद्धा म्हणून बघत नाहीत. मी खिडकीतून कान देऊन असते. ते म्हणत नाहीत, आणि म्हणून बघा असं मी सांगत नाही.